दुपारचं वाजवणं

तानबानं खांद्यावरचे हिरवे बांबू ओसरीच्या कडेला टाकले, दुपट्ट्यानं मान पुसली आणि हलक्या आवाजात विचारलं,

"कुठी बांधू, वैनी? अंगनात का बाहेर?"

विमलाबाई नुकतीच झोपेतून उठून दारात आली होती. गालावर चटईचे वळ होते. तिला आधी वाटलं, मांडवाचे बांबू असतील, कोणाचं लग्न असेल, चुकून इथं आणले. मग तिनं तानबाच्या मागं पाहिलं. आनंदाबाई पदर नाकापर्यंत ओढून येत होती. तिच्यामागं गल्लीतल्या आणखी बायका. एकीच्या हातात नवं मडकं, दुसरीच्या टोपलीत गोवऱ्या. समोर बंडूजीनं कापडदुकानाच्या अर्ध्या फळ्या लावल्या होत्या.

"काय बांधता?" तिनं विचारलं.

आनंदाबाईनं तिच्या गळ्यात हात टाकले आणि हंबरडा फोडला. "सुटले वं बाई! सदाशिवराव सुटले! तुह्यासारखी सेवा कोनी..."

आतून, मधल्या खोलीतून, सासऱ्यांचं कण्हणं आलं.

आनंदाबाईचं रडणं तोंडातल्या तोंडात राहिलं.

"जित्ते हायेत?" तानबा बोलून गेला आणि त्यानं जीभ चावली. "नाई, म्हंजे... रडनं ऐकू आलं न. साऱ्या गल्लीनं ऐकलं. आमाले वाटलं, तुमीच रडून राह्यल्या."

घराला लागून असलेल्या गोदामाचं गल्लीकडचं दार उघडं होतं. तिथं प्रभाकर उभा होता. तिचा धाकटा दीर. घामानं भिजलेली बनियन, हातात वाजवायचा लांब गज.

*

गल्लीनं काय ऐकलं?

आनंदाबाईनं: एक बाई रडते, श्वास कोंडतो, थांबते, पुन्हा सुरू.

तानबानं: एक नाही, दोघी. एकीचा आवाज जाड.

बंडूजीनं: कोणीतरी जड पेटी फरशीवरून ओढतं आहे. मग लाकडावर थापा. मग रडणं. त्यानं हातातला कापड मोजायचा वार खाली ठेवला आणि फळ्या लावायला घेतल्या.

विमलाबाईनं: काही नाही. ती झोपली होती.

*

एरवी गल्लीला काही कळलं नसतं. शेजारची पिठाची गिरणी दुपारभर धडधडत असे आणि गोदामातलं सगळं त्या धडधडीत बुडून जाई. आज लाइन गेली. गिरणी बंद, पंखा बंद. प्रभाकरनं वाऱ्यासाठी दार उघडलं.

सतराव्या वर्षी तो बँडवाल्यांबरोबर पळाला तेव्हा सदाशिवरावांनी, हा आपल्याला मेला, असं आपल्या भर दुकानात सांगितलं होतं. मुंबईत त्यानं सिनेमाच्या गाण्यांत चेलो, गजानं वाजवायचं ते मोठं तंतुवाद्य, वाजवला. मग एका पेटीतून वीस माणसांचे आवाज काढणारं यंत्र आलं, काम गेलं आणि चौऱ्याऐंशीच्या उन्हाळ्यात तो चेलोचं माणसाएवढं खोकं एस्टीच्या टपावर टाकून कारंज्याला परतला. तोवर म्हाताऱ्यांचं अर्धं अंग लकव्यानं गेलं होतं. मुलगा समोर उभा राहिला तर त्यांनी उरलेला डोळा मिटून घेतला.

गोदामात तो गाणं वाजवत नसे. कुठून तरी सुरू करी, कुठं तरी सोडून देई. तारेवर गज इतका दाबी की सूर फाटे; मग नुसतं लाकूड घाशी. मग बराच वेळ काहीच नाही. कोणतं गाणं म्हणून विमलाबाईनं एकदा विचारलं होतं.

"गानं नाई, वैनी. काय येते ते पाह्यतो."

तिला त्यातलं काही कळलं नव्हतं. तिला एवढंच कळलं होतं, की गोदामाच्या झरोक्यातून तो आवाज मधल्या खोलीत आला की रात्रंदिवस चाललेलं कण्हणं थांबतं. पहिल्या दुपारी ती घाबरून नाकाशी सूत धरायला धावली होती. श्वास चालू होता. ती तिथंच भिंतीला टेकली आणि बसल्या जागी झोपली. तेव्हापासून तिला दुपारी झोप मिळत होती. दुसरी कधीच नाही.

*

"बाप जित्ता हाय अन् दारात तिरडीचे बांबू!" विमलाबाईच्या नवऱ्यानं, भैय्याजीनं, दुकानातून येता येता आवाज चढवला. "तोंड दाखवाची सोय ठेवली नाई तू. उद्या ते खोकं नागपूरच्या ट्रकात टाकतो. अन् त्याच्यावर तुले बसवतो."

प्रभाकर खाली पाहत होता. "दादा, बाबा ऐकतात."

"बाबाले काय समजते आता?"

"ऐकतात. मी वाजवलं की कन्हत नाईत. वैनीले विचार."

दोघांनी तिच्याकडं पाहिलं. नवऱ्याचं बोलणं तिनं आजवर चारचौघांत कधी खोडलं नव्हतं. तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं.

"खरं हाय. मामंजीले बरं वाटते," ती म्हणाली. "दार लावून वाजवू द्या."

भैय्याजी बांबूंपाशी गेला. मग बांबूला पाय मारून म्हणाला, "लाइन नसली त हात लावाचा नाई त्याले. सांगून ठेवतो."

तो गेल्यावर प्रभाकर ओसरीच्या पायरीवर बसला. "मुंबईत एवढं वाजवलं, वैनी. पन गान्याच्या खाली. माहा आवाज कोनता, हे मलेच ऐकू येत नसे." तो हसला. "अन् ऐकनारा भेटला कोन, पाहा."

*

संध्याकाळी ती सासऱ्यांना पेज भरवत होती. त्यांनी घास गालात धरून ठेवला.

"गेले?"

"कोन?"

"लोकं."

"गेले, मामंजी. चुकून आलते."

पेज ओठांच्या मेलेल्या बाजूनं ओघळली. तिनं पुसली. ते पुन्हा बोलू लागले. एकेक शब्द ओढत.

"रोज रडता. मी आयकतो. पाय सरळ करून पडतो." मध्ये दम घेतला. "मंग नेत काऊन नाई मले?"

आवाजात तक्रार नव्हती. एस्टी अजून का आली नाही, असं स्टँडवर विचारावं, तसं विचारलं.

तिनं चमचा वाटीत ठेवला.

"रडनं नाई ते, मामंजी. बाजा हाय. प्रभाकर भाऊजी वाजवतात."

"कोन?"

"प्रभाकर भाऊजी."

"तो त मेला," ते म्हणाले आणि त्यांनी डोळा मिटला.

रात्र बाकीच्या रात्रींसारखीच गेली. पाणी, कूस, पाठीवरच्या जखमा, कण्हणं.

*

दुसऱ्या दुपारी लाइन होती. गिरणी धडधडत होती. प्रभाकर गजाला राळ घाशीत दारात आला.

"वैनी, वाजवू न?"

ती चटई उलगडत होती. उलगडायची थांबली.

"बाबा काई म्हनले का? कालचं?"

तिचे डोळे चुरचुरत होते. समोरची भिंत मधूनमधून हलल्यासारखी दिसत होती.

"म्हनले," ती म्हणाली. "रोज आयकतो म्हनले."

प्रभाकरनं राळ खिशात टाकली. मग त्यानं मान हलवली आणि घाईनं गेला. गोदामाचं दार आतून लागल्याचा आवाज आला.

पहिला सूर इतका खालचा होता की तो आधी फरशीत जाणवला. मग वर चढला, फाटला, थांबला. कण्हणं बंद झालं. सदाशिवरावांनी चांगल्या पायानं मेलेला पाय ओढून सरळ केला. दोन्ही पाय जुळवले. चांगला हात अंगालगत ठेवला.

विमलाबाई पाहत होती. त्यांच्या अंगावर पांढरं धुवट धोतर पांघरलेलं होतं, गळ्यापर्यंत, प्रेतावर घालावं तसं. ती उठली. अंगणातल्या दोरीवरून आपलं लाल फुलांचं पातळ ओढून आणलं. धोतर काढलं आणि पातळ त्यांच्या अंगावर नीट पसरलं.

मग भिंतीकडं तोंड करून ती चटईवर आडवी झाली. तिला लगेच झोप लागली.