वाऱ्याबरोबर येणारी खरखर

“दर्पण, दर्या बोलतो का खोकतो रे?” कमलाकांतने खाटेवरून विचारलं.

दर्पणने दातओठ खाल्ले. लॅपटॉपच्या पडद्यावर होडीच्या वायरलेसची निळी रेघ उमटायची, अन् वारा सुटला की तिच्यावर चिखल फेकल्यासारखी पिवळी खरखर पसरायची. लॅपटॉपला खोचलेली ती बोटभर रेडिओची कांडी त्याने बापासाठीच आणली होती. गुडघे गेले तशी कमलाकांतची होडी धाकट्या मेहुलकडे गेली. निदान होडीवरचं बोलणं कानी पडावं, एवढीच म्हाताऱ्याची भूक.

तीच भागत नव्हती. दर्पणने केबल बदलली, कांडी बदलली, फ्रीज बंद केला, पंखे थांबवले. बोईसरच्या कारखान्यात अख्खं पॅनेल उलगडणारा त्याचा हात नवापूरच्या पडवीत हरत होता.

“आता मलाच काढ घराभायेर,” काशीबाई म्हणाली. “मीच करत असंन खरखर.”

“आय, तू गप गं!”

वैतागून त्याने एरियलची वायर उपटली. खरखर थांबली. म्हणजे रोग कांडीत नव्हता, बाहेर होता.

तो अंगणात आला. वाऱ्यावर बोंबील वाळत घालायच्या वलांड्या, बांबूंचे ते मांडव, करकरत होते. दोर कुजतो म्हणून कमलाकांतनेच त्या कधीकाळी लोखंडी तारेने बांधलेल्या. काशीबाईने आत जाऊन वायर पुन्हा खोचली. दर्पणने तारेचा एक गंजका, वाऱ्यात घासणारा सांधा मुठीत आवळला.

“बाबा, आता?”

“गेली!”

मूठ सैल केली.

“आली रे, आली!”

वलांड्यांवर बोंबील अर्धे ओले लोंबत होते. दर्पण आईकडे बघत राहिला. ती टोपली घेऊन आली.

“काढ तारा. बोंबील वाळतील छपरावर. इथं खाटेवर माणूस वाळत घातलंय, त्याचं बघ आदी.”

तारा उतरल्या. संध्याकाळी वारा भरून आला तरी रेघ स्वच्छ राहिली, अन् तिच्यातून मेहुल थेट पडवीत बोलला, “शांतारामकाका, इथं खडक कुठं हाय? बाबांना ठावं होतं. जालं टाकू काय?”

“टाक. नसंल काय,” दुसऱ्या होडीतून उत्तर आलं.

कमलाकांत ताडकन उठून बसला.

“नको टाकू! मेहुल, फाटंल जालं! दक्षिणेला घे, दक्षिणेला!”

कांडीला नुसतं ऐकता येत होतं, बोलता नाही. तिकडे दर्यात मोबाईलही लागत नसे.

“टाकतो मग,” मेहुल म्हणाला.

पडद्यासमोर म्हाताऱ्याचा हात हवेत होडी वळवत राहिला, दक्षिणेकडे, हळूहळू.