पी-१ मधला हरवलेला एक

मी विश्रांतवाडीतल्या एका गल्लीतला पार्किंगचा फलक बोलतोय. जरा मान वर करा, तो विटलेला पत्रा म्हणजे मी.

निळ्या पत्र्यावर पांढऱ्या रंगात ‘पी-१’ लिहून मला इथे उभं केलं. अर्थ सोपा: विषम तारखेला गाड्या माझ्या बाजूला, सम तारखेला समोर. उभं करणारे पुन्हा फिरकले नाहीत. उन्हाने रंग विटला. मग समोरच्या श्यामसुंदरकाकांनी ‘घरगुती डबा मिळेल’चं स्टिकर नेमकं माझ्या आकड्यावर चिकटवलं. उरला नुसता पी.

गेल्या महिन्यात रुकसाना मॅडमनी बायकांना स्कूटर शिकवण्याचा क्लास इथे हलवला. चौदा तारखेला त्यांनी मान वर करून मला वाचलं आणि माझ्याखाली स्कूटर लावली. तासाभरात चलान आलं! गाडी चालवण्याच्या एकोणीस वर्षांतलं त्यांचं पहिलंच.

“मॅडमनाच दंड?” म्हणत भाग्यश्री नावाची मुलगी क्लास सोडून गेली. बाकीच्याही कुजबुजू लागल्या. मला फार वाईट वाटलं.

“भरून मोकळ्या व्हा हो,” काका म्हणाले.

“भरला म्हणजे चूक कबूल केली. मी चुकलेले नाही.”

मॅडमनी तक्रार केली, माझा फोटो काढला. आयुष्यातला पहिला फोटो! जमेल तितका ताठ उभा राहिलो.

दुसऱ्या दिवशी काका ओशाळून ओलं फडकं घेऊन आले. तेवढ्यात मॅडम ओरडल्या, “थांबा! हात लावू नका. पुरावा आहे तो.”

इतक्या वर्षांनी आलेलं फडकं तसंच परत गेलं. आता पुढे काय होणार, या विचाराने मला चैन पडेना.

बावीस तारखेला वाहतूक शाखेचे साहेब पाहणीला आले. जीप थेट माझ्याखाली लावली.

“कुठंय तो फलक?”

“तुमच्या डोक्यावर,” मॅडम म्हणाल्या. “साहेब, आज तारीख काय?”

“बावीस.”

“मग गाडी कुठल्या बाजूला लावायची?”

साहेबांनी वर पाहिलं. गॉगल काढून पुन्हा पाहिलं. मग जीप समोरच्या बाजूला नेऊन लावली. त्या आठवड्यात चलान रद्द झालं आणि भाग्यश्री परत आली.

“आता काढा,” मॅडम काकांना म्हणाल्या. काकांनी स्टिकर ओढलं, तर त्याच्यासोबत माझा एकाचा आकडाही सोलून निघाला! मॅडमनी साहेबांना फोन लावला, “मीच रंगवू का?” उत्तर आलं, “अर्ज करा.”

अर्ज केलाय. रंगाची वाट बघतोय. तोवर क्लासचा पहिला धडा माझ्याखालीच होतो.

“काय दिसतंय?” मॅडम विचारतात.

“नुसता पी.”

“मग काय करायचं?”

“गाडी लावायच्या आधी कुणाला तरी विचारायचं.”

तुम्हीही विचारा. आणि रंगाचा डबा घेऊन येणारं कुणी वाटेत भेटलंच, तर त्यांना माझी गल्ली दाखवा.