रिकाम्या रस्त्यावरची चाचणी

ताईची गाडी मी महिन्याभरात तीनदा तपासली होती. तिन्ही वेळा पहाटे, गॅरेज उघडायच्या आधी, गावाबाहेरच्या मोकळ्या रस्त्यावर. दिवसभर गिऱ्हाइकांच्या गाड्या असतात, घरच्या गाडीला वेळ मिळतो तो तेव्हाच. ऐंशीच्या वेगाने पळवली, तापमानाचा काटा जागचा हलला नाही. "सिग्नलला उभी राहिली की तापते रे," असं दाजी सांगून सांगून थकले. दाजी म्हणजे ताईचे यजमान, पोस्टात कारकून. मी त्यांना म्हटलं, "नाचता येईना अंगण वाकडं, तसलं आहे तुमचं. क्लचवरचा पाय काढा." ते हसले. मोठ्या मनाचा माणूस, मेकॅनिकशी वाद घालत नाही.

त्या दिवशी दुपारी चारला हॉस्पिटलातून फोन आला. किडनीच्या यादीत ताईचं नाव चार वर्षं होतं, आता एक मिळाली होती. साडेपाचच्या आत पोचायचं, नाहीतर पुढच्या पेशंटला बोलावणार. दाजी ऑफिसातून परस्पर तिकडे निघाले. ताईला मी घेतलं.

पुलावर गर्दी लागली. गाड्या मुंगीच्या पावलाने सरकत होत्या, पण सरकत होत्या. पाचला दहा कमी असताना काटा चढू लागला. मी एसी बंद केला, काचा उघडल्या, हिटर पूर्ण सोडला. इंजिनाची थोडी उष्णता तरी आत यावी म्हणून. ताईच्या पायांवर भट्टीसारखी हवा येत होती. ती म्हणाली, "असू दे, मला थंडीच वाजत होती." ती लहानपणापासून अशीच खोटं बोलते.

आणि तिथेच मला उमगलं. गाडी पळत असते तेव्हा रेडिएटरला वारा आपोआप लागतो. उभी राहिली की तो वारा पंख्याने घालायचा. मोकळ्या रस्त्यावर पंखा बंद असला तरी कुणाला कळणार? हे मी गिऱ्हाइकांना आठवड्यातून दोनदा समजावून सांगतो. दिव्याखाली अंधार तो हाच. दाजींनी शब्दन् शब्द बरोबर सांगितला होता आणि मी म्हणे अनुभवी.

बॉनेटमधून वाफ आली. गाडी कडेला घेतली. पंखा ढिम्म. फ्यूज शाबूत होता. बॅटरीवरून थेट वायर लावली, तरी हालचाल नाही. म्हणजे मोटरच गेली. आमच्या मागच्या गाड्या आता आम्हाला वळसा घालून पुढे निघाल्या होत्या.

एक टॅक्सीवाला थांबला. मागच्या सीटवर जागा होती. "सोडू का बाईंना कुठे?"

मी तोंड उघडायच्या आत ताई म्हणाली, "नको हो, माझा भाऊ मेकॅनिक आहे. करेल तो."

मी गप्प राहिलो. हे मी कुणाला सांगितलेलं नाही, पण खरं सांगतो, त्या क्षणी मला बरं वाटलं. टॅक्सीवाल्याने मान हलवली आणि तो गेला.

चाकपान्याने मोटरच्या बुडावर दोन ठोके मारले. पंखा फिरला. आतले कार्बन झिजले की मोटर अशी अडते; ठोका बसला की तेवढ्यापुरती चालते. महिन्यापूर्वी अर्ध्या तासाचं काम होतं. पण टाकीतलं पाणी उकळून सांडलं होतं, आणि तापलेल्या रेडिएटरचं झाकण उघडलं तर उकळतं पाणी तोंडावर येतं. थांबणं भाग होतं. पुलाच्या कठड्याला टेकून मी थांबलो. हातात पाना आणि करायला काही नाही. दुसरी टॅक्सी दिसते का म्हणून दोन्ही हात हलवत होतो, पण सगळ्या भरलेल्या. घड्याळाकडे बघायची हिंमत होत नव्हती. ताई मात्र निवांत बसून होती, फाइल मांडीवर. तिचा माझ्यावर भरवसा होता, त्याचंच मला भय वाटत होतं.

पाच वीसला झाकणावर फडकं टाकून ते हळूच फिरवलं. पाणी पाहिजे होतं. ताईने तिची बाटली पुढे केली. डॉक्टरांनी मोजून दिलेलं दिवसभराचं पाणी होतं ते. "ओत सगळं," ती म्हणाली. मी ओतलं.

गाडी सुरू झाली, काटा उतरला. पूल ओलांडून हॉस्पिटलच्या रस्त्याला लागलो तेव्हा सहा वाजायला आले होते. वरातीमागून घोडं. फोन वाजला. दाजी होते, स्पीकरवर. दुसऱ्या पेशंटला आत घेतलं होतं.

"पण झालं काय?" त्यांनी विचारलं. "गाडी तापली का?"

मी बोलणार होतो. ताईने माझ्या मनगटावर हात ठेवला. तिचा हात गार होता.

"नाही हो, रस्ताच बंद होता," ती म्हणाली. "गाडी अगदी छान चालली. याने नीट करून ठेवली होती ना."

पलीकडून दाजी म्हणाले, "बरं झालं बाई. माझ्या मनात उगाच येत होतं."