ढोलवाल्याची रिकामी जागा

आमचं सगळं सैन्य अंड्यांच्या दोन ट्रेमध्ये राहायचं. पुठ्ठ्याचे, तीस-तीस खळग्यांचे ट्रे. एका खळग्यात एक शिपाई. निळे नवऱ्याचे, लाल माझे. उंचीने बोटाच्या एका पेराएवढे, पण प्रत्येकाला डोळे होते, मिशा होत्या, आणि त्या मी काढलेल्या होत्या.

हा टायरच्या दुकानात कामाला. चाक फिरताना थरथरू नये म्हणून त्याच्या लोखंडी कडेला शिशाचे छोटे तुकडे ठोकतात, हे मला लग्नानंतर कळलं. टायर बदलायला आलं की जुने तुकडे काढून एका डब्यात टाकायचे आणि डबा भरला की भंगारात द्यायचा, अशी दुकानातली रीत. मालकाला विचारून हा त्यातले मूठभर घरी आणायचा.

त्याआधी याने मला मोबाइलवर एक फोटो दाखवला होता. मोठं टेबल, त्यावर टेकड्या, पूल, शेकडो रंगवलेले शिपाई, आणि हातात टेप घेऊन वाकलेली चांगली टक्कल पडलेली माणसं. लढाई खेळत होती. मी शिपायांच्या एका डब्याची किंमत वाचली आणि मोबाइल उलटा ठेवला.

"एवढ्यात आपलं महिन्याचं दूध येतं."

"विकत कोण घेतंय?" हा म्हणाला. "ओतू की घरी."

आणि खरंच ओतले. मेणबत्तीच्या मेणातून याने पहिला शिपाई कोरला, प्लास्टरमध्ये दाबून साचा केला. गॅलरीत जुन्या कढईत शिसं वितळवायचं, पळीने साच्यात सोडायचं. निघालेल्या शिपायाच्या अंगाला कडेकडेने पापुद्रे राहायचे, ते कानशीने घासायचं काम माझं. मी शाळांचे गणवेश शिवते, त्यामुळे मशीनजवळ बसून मधल्या वेळात दोन-चार शिपाई घासून व्हायचे. रंग दुकानातल्या उरल्यासुरल्या डब्यांतला. कुंचला तर आमचा आम्हीच केला होता. मुलीचं पहिलं जावळ कापलं तेव्हा त्यातले थोडे केस मी ठेवले होते; ते संपलेल्या रिफिलीत बसवले. इतका मऊ कुंचला बाजारात मिळायचा नाही. टोक यायला तो ओठांत धरून ओला करायचा, की शिपायाच्या डोळ्यात बुबुळसुद्धा काढता यायचं.

शिसं वितळताना धूर वाईट असतो हे आम्हाला माहीत होतं. म्हणून गॅलरीत, घराकडची खिडकी लावून, नाकाला फडकं बांधून. कढई वेगळी, पळी वेगळी. आम्ही खूप काळजी घ्यायचो. एकदा थंड झाला, रंगवला की तो शिपाई झाला, मग त्याच्यात काही उरत नाही असंच आम्ही धरून चाललो होतो.

रविवारी दुपारी जेवणं झाली की टेबलावर हिरवी चादर यायची. चादरीखाली पुस्तकं सरकवली की टेकड्या. आंघोळीच्या स्पंजचे तुकडे हिरवे रंगवून झाडं. गणवेशाच्या निळ्या अस्तराची नदी, काडेपेट्यांचं गाव. अंतर मोजायला माझीच टेप. फासे एका जुन्या खेळातले. एकाचा कोपरा उडालेला, त्यामुळे त्याच्यावर सहा जरा जास्तच पडायचे. तो फासा कुणी वापरायचा यावरच निम्मी भांडणं.

"दोन घोडे झालेत, आणि घोडे-घोडे खेळतायत," सासूबाई पलंगावरून म्हणायच्या. पण पूल कुणी घेतला हे दर रविवारी झोपण्याआधी विचारायच्या.

"आई, तुमच्या मुलाने पूल घालवला."

"लहानपणी पतंगपण असेच घालवायचा."

मला तो खेळ याच्यापेक्षा जास्त आवडायला लागला होता, हे मी कधी बोलले नाही. आठवडाभर बाह्या आणि कॉलर शिवून झाल्यावर ते दोन तास माझे असायचे. समोर माझं सैन्य, आणि पुढे काय करायचं हे मी ठरवायचं.

मुलगी मांडीवर असायची. तिला आम्ही ढब्बू म्हणतो. जन्मली तेव्हा गाल खांद्याला टेकत होते. शिपाई उचलून फेकायची म्हणून मी तिला एक सवय लावली. खेळ सुरू होण्याआधी ढोलवाल्याला पापा द्यायचा. ढोलवाला माझ्या सैन्यातला: पोटावर ढोल, एक हात वर, हातात काडी. तो ज्या तुकडीजवळ उभा असेल तिला फासा पुन्हा टाकता येतो, असा आमचा नियम. त्यामुळे तो माझा जीव की प्राण. ढब्बू त्याला दोन्ही हातांनी धरून ओठांना लावायची आणि म्हणायची, "ढुम." तेवढं केलं की मग गपगुमान बसायची.

एका रविवारी ट्रे उघडला तर ढोलवाला नाही.

"कुठंय?" मी विचारलं.

"मला काय माहीत? तुझा माणूस."

"हरायला लागलास म्हणून लपवलास."

"हो, खाल्ला मी."

कपाटाखाली झाडू घातला. मशीनचा खण उपसला. सासूबाईंच्या चपलासुद्धा उलट्या करून पाहिल्या. मग याने ढब्बूला विचारलं, "ढब्बू, ढुम कुठे?"

तिने फ्रॉक वर केला आणि पोटावर थापटी मारली.

आम्ही हसलो. सासूबाई तर डोळ्यांना पदर लावून हसल्या. 'पोट कुठे' हे ती नुकतीच शिकली होती आणि तेव्हा सगळ्याच प्रश्नांना तिचं तेच उत्तर असायचं. चेंडू कुठे, पोट. चिऊ कुठे, पोट.

"आणि बाबा कुठे गं?" सासूबाईंनी विचारलं. पुन्हा थापटी. "अगंबाई, बाबाला गिळलंस?"

याने दुसरा ओतून द्यावा म्हणून मी मागे लागले. पण याचा एक नियम होता, अगदी पहिल्यापासून: हरवलेला शिपाई पुन्हा ओतायचा नाही. त्याचा खळगा रिकामा ठेवायचा. "माणूस हरवला तर हरवला," हा म्हणायचा. "दुसरा आणून उभा केला तर मग खेळात गंमत काय?" मला ते पटायचंही. रविवारी ट्रे उघडला की आधी तो रिकामा खळगा दिसायचा आणि मी म्हणायची, फितूर मेला. आणि हरायची.

ढब्बूचं जेवण कमी झालं ते त्याच सुमारास. आधी दात येत असतील म्हटलं. मग उलट्या. मग तीन-तीन दिवस पोट साफ नाही. गाल उतरले, रंग पांढरट झाला. जवळच्या दवाखान्यात रक्त वाढायचं औषध दिलं, मग जंताचं दिलं.

"तुझं दूध सुटत नाही, ती जेवेल कशी?" सासूबाई म्हणाल्या.

"तुम्ही दिवसभर बिस्किटं चारता, ती जेवेल कशी?" मी म्हणाले.

'ढुम' हा शब्द तिने टाकला तेव्हा आम्हाला काही वाटलं नाही, ढुमच नव्हता. मग आजीला 'जी' म्हणायची ते थांबलं. 'चिऊ' गेलं. एक दिवस मी दारातून आत आले आणि ती माझ्याकडे नुसती बघत राहिली. 'आई' म्हणाली नाही. रुसली असेल म्हणून मीही दोन मिनिटं रुसून दाखवलं.

त्या दिवसांतही आम्ही रविवारी खेळलो. हे मला सांगितलंच पाहिजे. ढब्बू मांडीवर मान टाकून पडलेली असायची. नदी ओढायची नाही, झाडं उचलायची नाही. हा म्हणाला होता, "शहाणी झाली गं आपली पोर." मी म्हटलं होतं, "माझ्यावर गेलीय." आणि टेप लावून अंतर मोजलं होतं.

एका सकाळी मी कॉलर शिवत होते. चटईवर पडलेल्या ढब्बूचा एक हात झटके द्यायला लागला. मग पाय. डोळे वर गेले. सासूबाईंनी तिला उचललं, आणि आम्ही तशाच अनवाणी रस्त्यावर आलो. हा परस्पर दुकानातून इस्पितळात पोचला, हात काळे, कपाळ काळं.

मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरीणबाई कमी बोलणाऱ्या होत्या. त्यांनी पोट दाबून पाहिलं, भुवया आक्रसल्या आणि एक्स-रे काढायला सांगितला. तासाभराने आम्हा दोघांना आत बोलावलं. भिंतीवर उजेडाची काच होती, तिच्यावर फिल्म लावलेली.

कंगव्याच्या दातांसारख्या तिच्या बरगड्या. त्यांच्या खाली, आडवा, सगळ्यांत पांढरा असा एक माणूस. पोटावर ढोल. एक हात वर.

"हे काय आहे?" बाईंनी विचारलं.

हा म्हणाला, "ढोलवाला."

"म्हणजे?"

"शिपाई आहे. खेळातला. मी ओतलाय."

"कशाचा?"

"शिशाचा."

बाईंचं पेन थांबलं. त्यांनी आधी याच्या हातांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "किती दिवस झाले असतील गिळून? अंदाजे सांगा."

"सात रविवार," मी म्हणाले.

"इतकं नेमकं कसं सांगता?"

सात रविवार मी त्याच्यावाचून हरले होते. सात रविवार आमच्या घरातल्या एका ट्रेमध्ये तो खळगा रिकामा दिसत होता आणि आम्ही त्याला नावं ठेवत होतो.

"तिने सांगितलं होतं," हा म्हणाला. बाईंना कळलं नाही. तो पुन्हा म्हणाला, "तिने दाखवलं होतं आम्हाला. आम्ही हसलो."

घशातून नळी घालून त्यांनी ढोलवाल्याला बाहेर काढलं. काडी धरलेला हात आत अडकून बसला होता, म्हणून तो पुढे सरकलाच नव्हता. एका छोट्या बाटलीत घालून त्यांनी तो आम्हाला दाखवला. अंगावर रंगाचा ठिपका उरला नव्हता. मिशा नाहीत, डोळे नाहीत. ढोल एका बाजूने झिजून खडबडीत झाला होता. जेवढा झिजला तेवढा तिच्या रक्तात गेला, एवढं मला बाईंनी न सांगताही कळलं.

बाकीचं त्यांनी सांगितलं. रक्तातलं शिसं ओढून काढायचं औषध आहे, ते देऊ. हाडांत गेलेलं हळूहळू निघेल. डोक्यावर झालेला परिणाम किती आणि त्यातलं परत किती येईल, हे आज सांगता येणार नाही. मग त्यांनी घासायचं कुठे, रंगवायचं कसं, सगळं विचारलं. कुंचला ओठांत धरायचे हे मी सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "अजून अंगावर पाजता?"

मी मान डोलावली.

"तुमचंही रक्त तपासू. तोवर पाजू नका."

सगळ्यांचं तपासलं. याच्या रक्तात खूप, माझ्यात त्याहून जरा कमी, सासूबाईंच्या थोडं. घर ओल्या फडक्याने पुसायला सांगितलं होतं. सासूबाई दिवसातून चार वेळा गुडघ्यांवर बसून पुसत होत्या आणि एक अक्षर बोलत नव्हत्या. त्यांनी एकदा तोंड सोडलं असतं तर मला सोपं गेलं असतं.

शिपाई फेकायचे नाहीत, वितळवायचे तर नाहीतच, असं बाईंनी बजावलं होतं. याने दोन्ही ट्रे रिकामे केले आणि सगळे शिपाई दुकानातल्या भंगाराच्या डब्यात नेऊन ओतले, निळे-लाल एकत्र. मालकाने विचारलं, एवढे सुंदर, कुणी केलेत? हा म्हणे तिथेच खाली बसला. कुंचला मी टाकला नाही. पिशवीत गुंडाळून, वर चिकटपट्टी लावून माळ्यावर ठेवलाय. त्यात तिचं जावळ आहे.

इस्पितळात आमचे बारा दिवस झाले. औषधाने ढब्बूच्या लघवीला वास यायचा, ती चिडचिडी व्हायची, मग झोपायची. झटके पुन्हा आले नाहीत. पण शब्द नाही. मी 'आई' म्हणून बोट माझ्याकडे करायची, ती बोटाकडे बघायची. पाजत नव्हते तरी दूध येत होतं. बाथरूममध्ये जाऊन पिळून टाकायची आणि तोंड धुऊन परत यायची.

तेराव्या दिवशी दुपारी हा औषधाच्या रिकाम्या खोक्याला कात्री लावून बसला होता. पुठ्ठ्याचे शिपाई कापत होता. वाटलं, त्याच्या हातातून हिसकावून घ्यावं. पण याला दुसरं काही करताही येत नाही. त्याने चादरीखाली उशी सरकवून टेकडी केली आणि टेकडीवर पाच-सहा पुठ्ठे उभे केले. एकाच्या पोटावर पेनाने गोल काढला होता.

ढब्बूने मान वळवली. बराच वेळ बघत राहिली. मग तो गोलवाला उचलला. आम्ही दोघंही पुढे झेपावलो, पण तिने तो तोंडात घातला नाही. ओठांपाशी नेला, टेकवला, आणि खाली घेतला.

याने माझ्याकडे पाहिलं. मग घसा खाकरून अगदी हळू विचारलं, "ढब्बू, ढुम कुठे?"

पुठ्ठा तिच्या मुठीतच होता. तिने तो दाखवला नाही. दुसरा हात सुईच्या पट्टीसकट उचलला, थोडा हवेतच थांबला, आणि तिने तो पोटावर ठेवला. थापटीसुद्धा मारली.

हा उठून भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. मी तिच्या हातावर हात ठेवला. "नाही गं बाळा," मी म्हणाले, "आता नाही तिथे." तिला ते कळलं की नाही, मला कळलं नाही.

सलाइन बदलायला नर्स आली. "काय म्हणते आमची ढब्बू? फरक?"

"आज विचारलं त्याचं उत्तर दिलं," मी म्हणाले.

"अरे वा. बरोबर दिलं?"

भिंतीकडे तोंड केलेल्या याचे खांदे हलत होते.

"मागच्या वेळी बरोबर दिलं होतं," मी म्हणाले. नर्सने डोळे बारीक करून माझ्याकडे पाहिलं, आणि ती बाटली टांगायला लागली.