वॉकीवरचा आवाज

वनिताला बिबट्यानं नेलं ते घास कापताना, भर दुपारी. त्यानंतर त्याच वर्षी वनखात्यानं नदीकाठच्या वस्त्यांना वॉकीटॉकी दिल्या. काष्टीकडून घोड नदीच्या दिशेनं निघालं की पुढं सगळा ऊसच. घरं दोन इथं, तीन तिथं, एकमेकांपासून हाकेच्या पलीकडं. नदीकाठच्या खळग्यात मोबाईलला रेंज लागत नाही. जनावर दिसलं तर शेजारच्या वस्तीला सांगायला माणूसच पाठवावा लागायचा, आणि त्या वाटेला जायला कुणी धजायचं नाही.

सहा वस्त्यांना सहा सेट मिळाले. वनरक्षक ज्ञानेश्वरी मॅडम स्वतः घेऊन आल्या. चांदभाईंच्या पिठाच्या गिरणीत सगळ्यांना गोळा करून त्यांनी शिकवलं, बटण दाबून बोलायचं, सोडून ऐकायचं. रोज तिन्हीसांजेला प्रत्येक वस्तीनं आपली माणसं घरात आल्याचं सांगायचं. एखाद्या वस्तीचा आवाज आला नाही, तर बाकीच्यांनी ट्रॅक्टर घेऊन तिकडं निघायचं.

आक्काबाई ही वनिताची सासू. तिच्या घरात आता तिघंच होती. ती, तिचा मुलगा अमृत आणि त्याची नि वनिताची सात वर्षांची सृष्टी. अमृतनं त्या सेटला कधी हात लावला नाही. सृष्टीला मात्र त्याचं वेड लागलं. दिवेलागण झाली की ती उंबऱ्यावर उभी राहून बटण दाबायची आणि वर्गात हजेरी द्यावी तसं म्हणायची, "घोडमळा. आमच्याकडं सगळे घरात." मग पलीकडून एकेक वस्ती बोलायची. सगळ्यात शेवटी बायडाबाई. नदीला लागून शेवटचं घर तिचं. एकटीच, सोबतीला एक म्हैस. ती नुसतं घरात आहे एवढं सांगून थांबायची नाही. म्हशीनं आज किती दूध दिलं, कुठला डास चावला, सगळं सांगायची. माणसं जेवता जेवता ऐकायची.

सृष्टी बोलायला लागली की अमृत ताटावरून उठून बाहेर जायचा. आक्काबाईला वाटायचं, बिडी ओढायला जातो.

वस्त्यांवर विजेचा भरवसा नव्हता. गिरणीत मात्र इन्व्हर्टर होता. म्हणून सेट चार्जिंगला तिथंच ठेवायची रीत पडली. सकाळी आणून द्यायचे, संध्याकाळी न्यायचे. चांदभाईंनी त्यासाठी भिंतीला एक फळी ठोकली होती आणि प्रत्येक चार्जरवर खडूनं वस्तीचं नाव लिहिलं होतं.

एका शुक्रवारी चांदभाई गिरणीला कुलूप लावून नमाजाला काष्टीला गेले. परत आले तर कुलूप जागच्या जागी आणि फळी रिकामी. पाचही सेट गेलेले, चार्जरसकट. सहावा आक्काबाईचा. सृष्टीला ताप होता म्हणून तिनं तो त्या दिवशी पाठवला नव्हता, तेवढा राहिला.

ज्ञानेश्वरी मॅडमनी तक्रार दिली. पोलीस आले, त्यांनी पंचनामा केला. कुलूप तुटलेलं नव्हतं, कौल हललेलं नव्हतं. साहजिकच त्यांनी चांदभाईंना दोनदा ठाण्यावर बोलावून विचारपूस केली. दोन्ही वेळा सोडून दिलं. पण गावानं मनात धरायचं ते धरलं. तोंडावर कुणी काही बोललं नाही. फक्त गिरणीतला पट्ट्याचा आवाज कमी कमी होत गेला. माणसं दळण घेऊन काष्टीला जायला लागली.

"तिकडं दळण बारीक येतं," कडूबाई म्हणाली. ती आक्काबाईच्या बांधाला बांध असलेली शेजारीण.

आक्काबाईनं त्यावर काही विचारलं नाही. पुढच्या बाजाराला तिनंही बाजरीचं गाठोडं कडूबाईच्या टेम्पोत टाकलं.

वॉक्या गेल्या त्या पंधरवड्यातच ते घडलं. बायडाबाई संध्याकाळी म्हैस आत बांधत होती. गोठ्याच्या मागून बिबट्या आला. म्हशीनं दावं तोडलं, धिंगाणा केला, म्हणून तो पळाला. पण जाता जाता त्यानं बायडाबाईचा उजवा हात कोपरापासून फाडला. ती ओरडत राहिली. कुणालाच ऐकू गेलं नाही. तिची वॉकी असती तर त्या वेळी ती म्हशीच्या दुधाचा हिशोब सांगत असती, आणि नसती बोलली तर ट्रॅक्टर निघाले असते. सकाळी डेअरीचा माणूस दूध न्यायला गेला तेव्हा ती गोठ्याच्या दारात पडलेली सापडली. जीव होता. नगरला नेलं. डॉक्टरांना हात कोपराखालून काढावा लागला.

त्या दिवशी अमृत जेवला नाही. आक्काबाईला वाटलं, वनिताची आठवण झाली असेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती ओसरी सारवून झाल्यावर फळीवरची भांडी पुसत होती. वॉकी तिथंच पडून होती. ऐकायला कुणी नाही म्हटल्यावर सृष्टीनंही बोलायचं सोडलं होतं. आक्काबाईनं पदरानं ती पुसली. पुसताना वरची दोन्ही बटणं फिरली, चालू करायचंही आणि चॅनल बदलायचंही. लाल दिवा लागला, आणि आत कुणीतरी बोललं.

"प... पांढरी गाडी पुलावर आली. ट्रॅक्टर उसात घाला. नदीत कुनी थांबू नका."

थोडी खरखर झाली. मग दुसरा आवाज आला. "किती मानसं हायेत गाडीत?"

"चार. साहेब पुढं बसलाय."

वाळू काढणाऱ्यांचं बोलणं होतं ते. पांढरी गाडी म्हणजे महसूलची. नदीतली वाळू चोरून उपसणारे पुलावर माणूस ठेवतात, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. पण आक्काबाईच्या कानात फक्त तो पहिला आवाज राहिला. लहानपणापासून अमृत 'प'वर अडखळायचा. शाळेत मुलं चिडवायची तेव्हा तिनंच त्याला शिकवलं होतं, श्वास घे आणि मग बोल.

हातातली वॉकी बोलतच होती. तिनं आधी ती बंद करायला बोट नेलं. बंद केली असती तर कुणाला काही कळलं नसतं. चांदभाई तसेच राहिले असते, बायडाबाई एका हाताची घरी आली असती, आणि हा रोज ताटावर बसला असता.

तिनं बटण दाबलं.

"अमृत," ती म्हणाली. "मी आई बोलतीय."

तिनं बटण सोडून पाहिलं, मग पुन्हा दाबलं.

"तुझा आवाज मी वळखला. बायडाबाईचा हात काढला, ठावं हाय न्हवं तुला? ते बोलायचे डबे घे आन् घरी ये. मी वाट बघतीय."

"कोन हाय रे ही म्हातारी?" दुसरा आवाज खेकसला. "कुनी बोलू नका. बंद करा, बंद करा समदे."

खट्‌ खट्‌ असे आवाज झाले आणि नुसती खरखर उरली. आक्काबाईनं वॉकी बंद करून फळीवर ठेवली.

अमृत दुपारी आला. सृष्टी शाळेत होती. खताच्या पिशवीत तीन वॉक्या होत्या. पिशवी त्यानं दाराशी ठेवली आणि तो तिथंच पायरीवर बसला, आत आला नाही.

"बाकीच्या?"

"एक त्यांच्याकडंच हाय. देत न्हाईत. एक डोहात पडली, तुझं बोलनं ऐकल्यावर त्यांच्यातल्या एकानं फेकली."

"किल्ली कशी घावली तुला?"

"चाचा चौकटीच्या वर ठिवत्यात. मी कधीमधी गिरनीवर बसायचो, तवा बघितलं हुतं."

आक्काबाई त्याच्या समोर भिंतीला टेकली. पैशासाठी केलंस का, असं विचारायचं तिच्या मनात होतं. वाळूवाले पैसे देतात, हे तिला माहीत होतं. पण तिनं फक्त विचारलं, "का रं?"

तो पायाच्या अंगठ्यानं माती उकरत राहिला.

"त्यांनी मागितल्या हुत्या, ते खरं हाय," तो म्हणाला. "पर मी तसाबी एक दिवस त्या नदीत टाकनार हुतो. रोज सांजच्याला सृष्टी म्हनती, सगळे घरात. रोज. सगळे कुठं हायेत घरात, आई? तिची माय हाय का? आन् ते डबे आले कवा? ती गेल्यावर. आधी आले असते तर कडूबाईनं बिबट्या बघितलेला हुता सकाळी, तिनं सांगितलं असतं. मला ऐकवत न्हवतं. वाटायचं, बंद झालं पायजे हे."

"मग मला का न्हाई सांगितलंस?"

"तुला काय सांगू? तू तर रोज कान लावून ऐकायचीस."

आक्काबाई रडली नाही. ती उठली, चुलीवरचं भांडं खाली उतरवलं, दाराला कडी घातली. "चल," ती म्हणाली.

"पोलिसांकडं?"

"त्यांच्याकडं मागनं. आदी गिरनीवर."

चांदभाई गिरणीच्या दारात स्टुलावर बसले होते. आत एकही डबा दळणाला नव्हता. पलीकडं त्यांची सून अल्मास तांदूळ निवडत होती. मायलेकांना पाहून ती आत निघून गेली. अमृतनं पिशवी चांदभाईंच्या पायाशी ठेवली. मग आक्काबाईनंच सगळं सांगितलं. किल्लीपासून पुलापर्यंत, काही वगळलं नाही.

चांदभाईंनी पिशवीत डोकावून पाहिलं. एक वॉकी काढून उलटी-पालटी केली, परत ठेवली.

"पोलिसांनी इचारलं, त्याचं मला काय न्हाई," ते म्हणाले. "त्यांचं कामच हाय. गावानं तर इचारलंबी न्हाई, आक्का. चांदभाई, तुमी नेल्या का, असं एकानं जरी तोंडावर इचारलं असतं, तर मी न्हाई म्हनलो असतो. मला न्हाई म्हनायलाबी कुनी जागा दिली न्हाई."

"मीबी दळान काष्टीला धाडलं," आक्काबाई म्हणाली.

"ठाऊक हाय मला. कडूबाईचा टेम्पो हितनंच जातो."

मग ते उठले, आत गेले आणि टोपी घालून बाहेर आले. "चला, मी येतो ठान्यावर. त्याला एकट्याला नका नेऊ."

ठाण्यात अमृतनं सगळं सांगितलं, वाळूवाल्यांची नावंसुद्धा. त्याला अटक झाली. दोन दिवसांनी पोलिसांनी नदीवर जाऊन चौथी वॉकी आणि एक ट्रॅक्टर धरला. डोहातली मिळाली नाही. अमृतचा जामीन चांदभाईंच्या मोठ्या मुलानं, परवेझनं केला. बापानं सांगितलं म्हणून नव्हे, आपण होऊन केला, असं अल्मासनंच नंतर आक्काबाईला सांगितलं.

सेट लगेच परत मिळाले नाहीत. ते मुद्देमाल म्हणून ठाण्यातच राहिले. ज्ञानेश्वरी मॅडमनी कोर्टात अर्ज केला, तेव्हा ऊसतोड संपता संपता ते त्यांच्या ताब्यात आले. डोहात गेलेल्याच्या जागी खात्यानं नवा दिला. पण ठेवायचे कुठं, हा प्रश्न आला. गावातले चारजण मॅडमना घेऊन गिरणीवर गेले. चांदभाईंनी फळीकडं पाहिलं आणि मान हलवली.

"दळान आना, दळून देतो," ते म्हणाले. "ती जोखीम आता माझ्याकडं नको."

कुणी आग्रह धरला नाही. सेट मराठी शाळेत ठेवायचं ठरलं. गिरणीवर दळण हळूहळू परत यायला लागलं, पण पहिल्यासारखं दारात बसून बोलणं काही परत आलं नाही. चांदभाई पीठ तोलून द्यायचे आणि पुढचा डबा ओढायचे.

बायडाबाई घरी आली तेव्हा अमृत तिच्याकडं गेला. आक्काबाई बरोबर जाणार होती, तर तो नको म्हणाला. पुढचं त्यानंच परत येऊन सांगितलं.

बायडाबाई बाजेवर बसली होती. उजव्या बाजूला पदर खोचलेला. त्यानं तिचे पाय धरले. तिनं पाय मागं घेतले नाहीत आणि त्याला उठही म्हणाली नाही.

"मावशी, माझ्यामुळं झालं."

"व्हय," ती म्हणाली. "तुझ्यामुळं झालं. मी लई वरडले रं त्या राती. वनिताबी तशीच वरडली असंल." मग थोडं थांबून म्हणाली, "माफी-बिफी मला कळत न्हाई. म्हस तुंबलीया. पल्याडच्या वस्तीवरचा राम दोन येळा काढून गेला, आज आला न्हाई. तुला धार काढता येती का?"

"येती."

"मग काढ."

आता अमृत दोन्ही वेळ तिकडं जातो. कोर्टाची तारीख असली की पहाटे धार काढून मग श्रीगोंद्याची एसटी धरतो. खटला अजून चालू आहे. शिक्षा होईल की नाही, ते वकिलालाही सांगता येत नाही.

म्हशीनं सुरुवातीला त्याला जवळ येऊ दिलं नाही. बादली उधळली, एकदा मांडीवर लाथ मारली. बायडाबाई बाजेवरून बघत राहिली. शेवटी ती उठून आली, डावा हात म्हशीच्या पाठीवर ठेवून उभी राहिली आणि जनावर शांत झालं. तेव्हापासून ती रोज तशी उभी राहते आणि अमृत खाली बसून धार काढतो.