विटाळाचं लोणचं

सुगंधाबाईनं बरणीच्या तोंडाला बांधलेला फडक्याचा दादरा सोडला, आत डोकावली आणि वळून पाहिलं ते थेट सुनेकडे. अंबाडीच्या लोणच्यावर कापसासारखी पांढरी बुरशी फुगली होती.

"पडली ना सावली," ती म्हणाली. "किती डाव सांगतलं तुले, कावया शिवला का बरनीकडी पाहू बी नको."

"मी तं ओसरीत बसेल होती, आत्याबाई. बरनी माजघरात होती."

"सावलीले पाय राह्यतात."

 कुंदाबाई लग्न होऊन असोद्यात आली त्या सालापासून हेच चाललं होतं. लोणचं नासलं की सुगंधाबाई ते उकिरड्यावर ओतायची आणि जाता-येता चार घरी सांगत सुटायची की सुनेचा विटाळ फार कडक. आता गल्लीतल्या बायका पापड लाटायला बसल्या की कुंदाबाईला हळूच विचारत, तुला अडचण तर नाही ना. ऐकून ऐकून तिलाही वाटायला लागलं होतं, आपल्यातच काही वंगाळ असेल.

सासरा उखर्डूआबा खाटेवर तंबाखू मळत होता. "सवराज येऊन धा वर्सं झाली," तो म्हणाला. "दिल्लीपासून निंघालं ते भुसावयच्या टेसनावरच बसेल दिसते. आपल्या ओसरीत काही आलं नाही."

श्रावणात कपाशीच्या धुऱ्यावर, बांधाच्या कडेनं, अंबाडी लुसलुशीत झाली. आबानं गाठोडं भरून पाला आणून टाकला आणि नेमकी त्याच दिवशी शेणाच्या पाटीसकट सुगंधाबाई गोठ्यात घसरली. पाय सुजून भोपळा झाला. तिला ओसरीतल्या खाटेवर टाकलं. पाय बसला तरी तोंड चालूच होतं. तिथून ती हुकूम सोडू लागली.

पाला खुडून, धुऊन, जुन्या धोतरावर पसरून झाला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कुंदाबाईच्या पोटात कळ आली. तिला कळलं. सांगावं तर आपण बाहेर बसणार, पाला सडणार, आणि तोही दोष आपल्याच कपाळी. न सांगावं तर देवाधर्माचं भ्या. परसदारी ती बराच वेळ लुगड्याचा पदर चावत उभी राहिली. मग तिच्या मनात आलं, एकदाचं होऊन जाऊ दे. सावलीनं एवढं होतं, तर हात लावून काय होतं ते तरी पाहू. खरंच नासलं, तर जन्मभर तोंड उघडायचं नाही.

तिनं चूल पेटवली.

"पाला वलाच टाक, तेल कमी लागते," खाटेवरून आवाज आला. "अन् तेल दोन पयाच घे."

"हो आत्याबाई," कुंदाबाई म्हणाली, पळी बाजूला ठेवली आणि तेलाचा डबा कढईत उपडा केला. पाला तिनं घरात, सावलीला सुकवला होता. पानावर थेंब राहिला नव्हता. पानं तेलात पडली तशी चरचरली, हिरवी होती ती काळपट झाली, गाठोडंभर पाला मुठीएवढा होऊन बसला. तिनं मोहरी-मेथीची पूड टाकली, हिंग टाकला, तिखट-मीठ हात सैल सोडून टाकलं. निवल्यावर बरणी पोटाशी धरून भरली आणि वरून बोटभर तेल सोडलं.  देव्हाऱ्याकडे तिनं पाहिलंच नाही.

मग रोज, कोणी नसलं की ती दादरा वर करून पाहायची. तेल लालभडक, वर टिपूससुद्धा पांढरं नाही. एक दिवस तिनं बोट बुडवून चाटलं आणि चुलीपुढे बसून एकटीच हसत राहिली.

पुढं भादव्यात गावात सप्ता बसला. कीर्तनाला आलेल्या तोताराम बुवांचं जेवण पाळीनं उखर्डूआबाकडं आलं. सुगंधाबाई लंगडत वाढत होती. बुवांनी ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीबरोबर लोणचं चाखलं, परत मागितलं, पुन्हा मागितलं.

"माउली, याला म्हणतात सोवळ्याची चव," बुवा बोटं चाटत म्हणाले. "विटाळशी बाई नुसती शेजारून गेली असती, तरी माझ्या जिभेनं ओळखलं असतं."

सुगंधाबाई फुलली. "यंदा अडचनीत सुनीची सावली पडू नाही देली, बुवा. म्हनून तं टिकलं."

दाराआड भाकरी थापणारी कुंदाबाई पिठाच्या हातानं उठली आणि उंबऱ्यात येऊन उभी राहिली.

"बुवा, लोनचं मी घातलं. अन् त्या दिशी मी बाहेरची होती. बरनीले हात बी माह्याच लागेल हाये."

बुवांचा घास गालातच राहिला. थुंकावा तर यजमानाचं घर, गिळावा तर धर्म. डोळे मात्र पाण्यानं भरले. ते तिखटानं की कशानं, कोण जाणे.

"घास उतरवा बुवा," उखर्डूआबा शांतपणे म्हणाला. "काल कीर्तनात तुमीच सांगतलं, ताटातलं अन्न टाकू नये. गोमूत्र लागलं तं गाय परसात बांधेल हाये. पन आधी भाकर सरू द्या."

बुवांनी घास उतरवला. भाकरीही संपवली. लोणचं मात्र तेवढं बोटानं ताटाच्या कडेला सारलं.

ते गेल्यावर सुगंधाबाईनं सुनेच्या सात पिढ्या काढल्या. कुंदाबाईनं मान खाली घातली नाही. "आत्याबाई, नासते ते पान्यानं," ती म्हणाली. "पाला वला अन् तेलाले हात आखडता, मंग सावलीले कायले दोष देता?"

"मले पान्याचं शिकवू नको," सुगंधाबाई म्हणाली आणि बरणी उचलून उकिरड्याकडं निघाली. आबानं वाटेतच ती काढून घेतली. बरणी माजघरात गेली. पुढचे काही दिवस सुगंधाबाईनं भाकर दुधाशी खाल्ली. नंतर मात्र दुपारी सगळे शेतात गेले की बरणीतलं लोणचं आपोआप कमी होऊ लागलं. दिवाळीपर्यंत तळ दिसला. बुरशी काही धरली नाही.

दुसऱ्या साली श्रावणात पुन्हा अंबाडी आली. कुंदाबाई विळा घेऊन धुऱ्याकडं निघाली तशी सुगंधाबाईनं तिला ओसरीतच अडवलं, इकडं-तिकडं पाहिलं आणि आवाज उतरवला.

"कुंदे, तुह्यी अडचन कधी हाये?"

"अजून टाइम हाये, आत्याबाई. काहून?"

"मंग पाला आताच तोडू नको," सासू म्हणाली. "तू बाहेरची झाली का घालू. तुह्या विटायानं लोनचं लय टिकते."