गोगलगाय कुणी काढली?

‘उद्या दवाखान्यात पोरगी बोलून बसली तर?’ या एका विचाराने काल जिच्या डोळ्याला डोळा लागला नाही, त्या आईच्या फोनमधलं अ‍ॅप मी बोलतोय.

तिला मल्टिपल स्क्लेरोसिस आहे. नसांवरचं आवरण पोखरणारा, मोठा गुपचूप आजार. तो किती सरकला ते कळावं, म्हणून डॉक्टरीणबाईंनी मला तिच्या फोनमध्ये बसवलं. रोज सकाळी मी एक गोल गोल गुंडाळत जाणारी रेघ दाखवतो. तिने ती उजव्या हाताच्या बोटाने गिरवायची. जमली की मी हिरवा होतो, थरथरली की लाल. तिची पाच वर्षांची लेक त्या रेघेला गोगलगाय म्हणते.

आधी मी हिरवाच असायचो. मग हात अडखळू लागला. ती पुन्हा पुन्हा गिरवायची, मी आपला लालच. एकदा दूध उतू गेलं म्हणून ती गॅसकडे धावली, तेवढ्यात लेकीने गोगलगाय गिरवून टाकली.

“आई, हिरवी आली!”

ती पुसायला हवी होती. आईने पुसली नाही. मग तेच रोजचं झालं. बिस्किटाने चिकट झालेलं ते इवलंसं बोट मला कळायचं, पण रेघेपलीकडे मला बोलता कुठे येतं? असला कसला मी राखणदार! बाई, मला लाल होऊ देत जा गं. तेवढ्यासाठीच तर मी आहे.

आज डॉक्टरीणबाई माझ्याकडे बघून खूश झाल्या. “अहो, हात छान सुधारलाय! औषध बदलणार होते, आता राहू दे.”

आईने मान खाली घातली. कानाच्या पाळ्या तापलेल्या. पर्सची चेन तिला डाव्या हाताने ओढावी लागली.

“आणि काय गं, आईला मदत करतेस ना?”

लेकीने दोन्ही हातांनी तोंड गच्च दाबून धरलं. घरून निघताना आईनेच तसं बजावलं होतं. ते बघून आईला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“काढ हात, राणी,” ती कशीबशी म्हणाली. “सांग त्यांना. खरं ते सांग.”

लेकीने एकच हात काढला.

“गोगलगाय मी काढते. आईची लाल येते ना, मग ती बाथरूममध्ये जाऊन रडते.”